पंचफुलाबाईची दवंडी

"भाचीला जांभळं लुगडं पसंत पडलं का, बाई?" पडद्याचं कापड मोजता मोजता दिनकररावांनी विचारलं.

पंचफुलाबाई स्टुलावर बसली होती. "कोनती भाची?"

"तुमच्या भावाची पोरगी हो, जिंतूरची. मागच्या बाजारी येऊन दोन लुगडी घेऊन गेली. म्हणाली, आत्या वाडीवर कुणाचं बाळंतपण करायला गेलीय, तिच्या नावावर मांडा."

पंचफुलाबाई हळूच म्हणाली, "मी कुनाला पाठवलं न्हाई, दिनकरराव."

दिनकररावांचा हात थांबला. "पण तिला सगळं ठाऊक होतं! तुमचे वडील सडकेवर खडी फोडायचे, तुमच्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे... घरच्या माणसाशिवाय हे कोण सांगणार?"

पंचफुलाबाई सोनपेठच्या दवाखान्यात नर्स होती. तिची आई अशाच एका दुकानाच्या पायरीखाली उभी राहून कापड मागायची आणि दुकानदार ते वरून टाकायचा. छप्पन साली घरानं बुद्धाचा धम्म घेतला, बापानं हट्टानं पोरीला शिकवलं, आणि त्याच पोरीला आज बाजारपेठेत बसायला स्टूल मिळत होतं. ते स्टूल तिच्या नावाला मिळत होतं, आणि तेच नाव कुणीतरी उचलून नेलं होतं.

किराणा दुकानात गेली तर तिथंही तेच. भाची येऊन गूळ, खोबरं आणि डिंक घेऊन गेली होती.

डिंक-खोबरं ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाळंतीण! कळा सोसणाऱ्या बाईचं मन रमावं म्हणून पंचफुलाबाई तिच्या उशाशी बसून आपलीच कहाणी सांगत असे. बापाची, भाजल्याची, शाळेची, जिंतूरच्या भावाची. कुणीतरी ती मन लावून ऐकली होती.

त्यातला भाऊ मात्र खोटा होता. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, आईबाप त्याच्या आधीच गेलेले. परक्या गावात एकट्या बाईनं राहायचं, तर पाठीशी कुणी आहे असं लोकांना वाटलेलं बरं, म्हणून बदलीवर आल्या आल्या तिनंच तो भाऊ उभा केला होता. इतकी वर्षं त्यानं तिला राखलं. आता त्याच्याच आडून चोर घरात शिरला होता.

दिनकरराव म्हणाले, "चला, फौजदाराकडं जाऊ."

"फौजदार तिला हुडकंल तवर ती आनखी चार दुकानं हिंडंल. आधी दार लावते."

बाजाराच्या दिवशी सकाळीच तिनं हलगीवाल्या आश्रुबाला बोलावलं. "सांग, पंचफुलाबाई नर्सच्या नावावर कुनालाबी उधार देऊ नका. बाई सोता आली तरी देऊ नका. ती रोख घेईल."

"अन् कुनी भाऊ, भाची म्हनून आलं तर?"

पंचफुलाबाईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "सांग, बाईला भाऊ न्हाई, भैन न्हाई, भाची न्हाई. बाईला कुनीच न्हाई."

आश्रुबानं हलगी खाली केली. "समद्या बाजारात सांगू हे?"

"त्याबिगर कसं भागंल?"

दुपारभर हलगी वाजत राहिली. पंचफुलाबाई दवाखान्यात सुया उकळत होती. भांडी बाजारातून, जनावरांच्या बाजारातून, वेशीपासून आश्रुबाचा खडा आवाज येत होता, आणि दर वेळी शेवटचं वाक्य तेवढं स्पष्ट ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी एक बाई काखेत तान्हं घेऊन दवाखान्याच्या दाराशी उभी राहिली. हातात घडी न मोडलेलं हिरवं लुगडं. अंगावर जांभळं.

"मी कडूबाई. हे लेकरू तुमच्याच हातानं झालं."

पंचफुलाबाईनं तिला नखशिखांत पाहिलं. "का केलंस गं?"

"खोबऱ्याला गेले व्हते. माज्या नावाला पावशेर गूळबी देईनात. माज्या आदीच्या समद्या भैनी गेल्या, मला तरी काळानं तोंड लावू नये म्हनून आईनं माजं नाव कडू ठिवलं. असल्या नावाला कोन पत देतंय? दुसऱ्या दुकानात तुमचं नाव घेतलं तर दुकानदार उठून हुबा ऱ्हायला." ती खाली बघत म्हणाली, "मग हाव सुटली."

"गप बसली असतीस तर कुनाला कळलं नसतं. का आलीस?"

"तुमाला कुनीच न्हाई म्हनून हलगीवर सांगायला लागलं, माज्यापायी. तवापसून लेकराला पाजवंना."

पंचफुलाबाईनं लेकराच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिनं पायांत चपला सरकवल्या. "चल."

दिनकररावांच्या दुकानात पंचफुलाबाई स्टुलावर बसली नाही. "सांग ह्यांना तुजं नाव."

कडूबाईनं लेकराला काखेतून खांद्यावर घेतलं. दिनकरराव गादीवरून पाहत होते. अखेर ती म्हणाली, "कडूबाई."

"मोठ्यानं."

"कडूबाई! लुगडी मीच नेली. किरान्याचंबी मीच नेलं."

दिनकररावांनी हिरवं लुगडं उलटंपालटं करून आत ठेवलं. "आणि जांभळ्याचं काय? जामीन कोण राहणार?" त्यांनी पंचफुलाबाईकडं पाहिलं.

"मी न्हाई," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाली. "माजं नाव पुन्हा कशातच गुतवायचं न्हाई. पन तुमच्या शेतात कापूस फुटलाय. येचायला बाया लागतात ना?"

दिनकररावांनी खूप वेळ हनुवटी चोळली. "ये उद्या," ते कडूबाईला म्हणाले. "किराण्याचंही त्यातूनच भागवू. तुझ्याच नावावर मांडतो."

कडूबाई पायऱ्या उतरून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि पंचफुलाबाईनंही तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी पंचफुलाबाई चुलीपुढं बसली होती. कडी वाजली. शेजारची तानुबाई दारात उभी. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून असूनही ती कधी उंबरा ओलांडून आत आली नव्हती. आज तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"दवंडी आयकली," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाईला माहेर हाय, तिला आपली काय गरज." आणि न विचारता आत येऊन भिंतीला टेकून बसली.

पंचफुलाबाई उठली. घरात ताट एकच होतं. तिनं ते तानुबाईपुढं ठेवलं, पातेल्यावरचं झाकण उलटं केलं, आणि त्यात स्वतःला वाढून घेतलं.