खांदा उसवलेल्या पेशंटचं म्हणणं

मी पुतळा बोलतोय. चौकातला नव्हे, वर्गातल्या खाटेवर पडून असतो तो. आत कापूस, वर मांजरपाट. आजाऱ्यांची सेवा शिकायला येणाऱ्या बायका मला कुशीवर वळवतात, पुसतात आणि परीक्षा इंग्रजीत म्हणून माझ्याशी इंग्रजीतून बोलतात. मी शिकलेला नाही, पण ऐकून ऐकून दोन शब्द डोक्यात बसलेत. सल्ला द्यायचा तर 'शुड'. सुटकाच नसेल तर 'मस्ट'. जरा चाला, बरं वाटेल, हे शुड. कठडा धरा, नाहीतर पडाल, हे मस्ट.

माझा खांदा उसवलाय. "याला शिवायला हवं," असं शिकवणाऱ्या बाई दर वर्गाला म्हणतात. झालं. पुढे सुई नाही की दोरा नाही.

बाकीच्या बायका मला उठसूट मस्ट-मस्ट करून झापायच्या. एका काकूंचं मात्र उलटंच. नवरा गेल्यापासून दिराकडे राहायच्या. जन्मात कुणाला 'कर' म्हटलेलं नाही. सगळ्याला शुड.

"काकू, तो पडतोय! आर्जवं कसली करताय?" बाई ओरडायच्या.

"अहो, मोठ्या माणसाला हुकूम कसा सोडायचा?"

मोठा माणूस म्हणजे मी! तेव्हापासून मी त्यांच्या बाजूचा.

पास झाल्या तर वृद्धाश्रमात नोकरी आणि स्वतःची खोली. नाहीतर परत दिराची भांडी.

परीक्षेला आलेल्या डॉक्टरनं मला भिंतीशी ढकललं आणि स्वतःच पेशंट होऊन खाटेवर लवंडला. ढोंगी मेला. खाटेशेजारच्या चाकांच्या खुर्चीचा ब्रेक मुद्दाम काढून ठेवला आणि लागला उठायला.

"यू शुड वेट," काकू म्हणाल्या.

तो कसला ऐकतोय! पाय खाली, हात खुर्चीवर. खुर्ची सरकली.

"यू मस्ट सिट!"

दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. बसला गप. काकूंनी ब्रेक लावला, पेला पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "यू शुड ड्रिंक सम वॉटर." धाक आणि माया एका दमात! एवढ्या वर्षांत अशी बाई पाहिली नाही मी.

पास झाल्या. खोली मिळाली.

आज गणवेशात भेटायला आल्या, तर माझा कापूस लोंबलेला.

"बाई, हा अजून असाच?"

"शिवायला हवा खरा, पण..."

"हवा-बिवा नाही. आज शिवायचाच. सुई कुठंय?"

बाई उठून सुई-दोरा घेऊन आल्या. आता दोघी माझ्या खांद्याशी बसल्यात. टोचतंय, पण बरं वाटतंय.

नवा रबरी पुतळा येणार म्हणे. आणा खुशाल. पण मला टाकायच्या आधी काकूंना विचारा. विचारायलाच पाहिजे.