मूर्तीच्या पोकळीत

कमळाकरनं गणपती हलक्या हातानं मागे कलता केला आणि तळाच्या भोकातून मनगटापर्यंत हात आत घातला. आत खरखरीत गारवा होता, बाकी काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा चाचपलं. मग मूर्ती पाटावर सरळ बसवली.

पेणच्या कारखान्यात तो गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. हंगामात चौघे कारागीर एकाच खोलीत झोपत. पिशवी कुणाची, साबण कुणाचा, याला काही धरबंध नव्हता. सहा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसानं त्या ठेवायच्या कुठे? मागच्या फळीवर एक न विकलेली मूर्ती होती, आतून पोकळ. शहाण्यानं तिच्यात चिंध्यांत गुंडाळून बाटली कोंबली, सोबत दवाखान्याची चिठ्ठी, नावासकट. परवा तो जेवायला गेला आणि तेवढ्यात मूर्ती विकली जाऊन टेम्पोतून रोह्याला, मालूकाकींच्या घरी गेली. कारखान्याच्या शेठना कळलं असतं तर त्यांनी देवाच्या डोळ्यांना पुन्हा हात लावू दिला नसता. दोन दिवस गोळी चुकली होती ते वेगळंच.

"उंदराला कुठं लागलंय?" मालूकाकींनी दारातून विचारलं. टेम्पोत उंदराला धक्का लागलाय, बघून जातो, असं सांगूनच तो त्यांच्या घरात शिरला होता.

"नाय काकी, ठीक हाय. निघतो."

"थांब."

काकींनी दार लोटून कडी घातली. तांदळाच्या डब्यात हात घालून त्यांनी बाटली बाहेर काढली. चिठ्ठी तिला तशीच गुंडाळलेली होती.

कमळाकरनं हात जोडले. "चूक झाली, काकी. शेठना सांगू नका. दुसरी मूर्ती आणून देतो."

"देवाला काय व्हतंय? किती वर्सं घेतोस?"

"सहा."

"हात नाय थरथरत?"

"थरथरले असते तर हे डोळे आखता आले असते?"

काकींनी मूर्तीचे डोळे निरखून पाहिले.

"आमच्या पोराला, ऋत्विकला अशाच दिलेल्या," त्या हळूच म्हणाल्या. "कंपनीत कळंल म्हणून दवाखान्यात जायचा बंद झाला. गोळ्या मोरीत टाकल्या. तीन महिने झाले. माझं ऐकत नाय." मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी हाक मारली, "ऋत्विक, बाहेर ये. पेणवरनं आखणीवाले आलेत."

कमळाकरला त्यांचा रागच आला. सहा वर्षांत त्यानं हे सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. कडी काढावी आणि पळत सुटावं, असं त्याला वाटलं. पण बाटली काकींच्या हातात होती.

पंचविशीचा, गाल बसलेला तरुण दारात येऊन उभा राहिला. त्याची नजर बाटलीवर गेली आणि तिथंच अडकली.

कमळाकरनं काकींच्या हातून बाटली घेतली. झाकण फिरवलं, एक गोळी तळहातावर घेतली.

"पाणी दे रे जरा," तो ऋत्विकला म्हणाला. "परवापासनं माझी राहिलीय."