खंडोबाची पुढची सीट

तुकोजीरावांच्या ग्वाल्हेरातल्या आवारात एकूण अकरा गाड्या होत्या. त्यांतल्या दोन विटांवर उभ्या होत्या. एकीचं इंजिन शेजारच्या टबात होतं. एकीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि तिला उठवायला तुकोजीराव तयार नव्हते. तीन फक्त वरातीपुढे शोभेला होत्या, त्याही ढकलत न्याव्या लागत. उरलेल्या चार चालू होत्या आणि विकायच्या होत्या. त्या बघायला आलेली कदमांच्या घरची माणसं पाच, देव एक, लिंबं सोळा आणि नारळ चार.

उन्नतीने हे सगळं फाटकातच मोजलं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून तिला असं काही मोजल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नसे. पर्समध्ये तिने मोजपट्टीही आणली होती.

जुनी गाडी घ्यायचं खूळ तिच्या वडिलांचं, दिग्विजयसिंहांचं. घरात एक नवी गाडी होती आणि ती मुकाट्याने चालायची. पण बँकेतून निवृत्त होताना त्यांनी जाहीर केलं होतं की नवी गाडी पोचायला असते आणि जुनी गाडी जायला. आता एक अशी गाडी आणायची, की जिच्यात सगळं घर एकत्र बसेल आणि रस्त्यावरची माणसं वळून बघतील. दसरा चार दिवसांवर आला होता. दसऱ्याला सोनं लुटायला त्याच गाडीतून जायचं ठरलं होतं.

अडचण होती ती 'सगळं घर' या शब्दांची. उन्नतीच्या आईला, कुमुदिनीला, गाडी लागायची. मागच्या सीटवर बसली की पहिल्या वळणाला तिचा चेहरा हिरवट व्हायचा आणि दुसऱ्या वळणाला गाडी थांबवावी लागायची. पुढे बसली तर काही होत नसे, हे उन्नतीने एकदा आजोबा गावाला गेले असताना करून पाहिलं होतं. समोरचा रस्ता दिसला की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात, मग पोट बिचारं कशाला बंड करेल. पण पुढची सीट आजोबांची होती. आबासाहेब, म्हणजे कान्होजी कदम, गेली तीस वर्षं तिथे बसत आले होते, आणि तेही एकटे नाही. त्यांच्या मांडीवर देवाची पेटी असायची: सागवानी, पुढून काच, आत खंडोबाचा चांदीचा टाक. सणावारी घराबाहेर पडायचं तर देव बरोबर, आणि देवाकडे कुणी पाठ करून बसायचं नाही, म्हणून देव पुढे. लहानपणी उन्नतीने विचारलं होतं, की मग देवाची पाठ आपल्याकडे होते त्याचं काय. देवाला पाठ नसते, असं उत्तर मिळालं होतं.

त्यामुळे दर दसऱ्याला कुमुदिनी म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी टेंपोने येतेच." उघड्या टेंपोत तिला काही होत नसे. फक्त ती पोचेपर्यंत आरती संपलेली असे आणि सगळे प्रसाद खात तिची वाट बघत असत. एका वर्षी तर पूजेचं ताटच तिच्या हातात राहिलं होतं आणि आरती मोबाइलच्या उजेडात उरकली होती. या वर्षी आईने आपल्याबरोबर पोचायचं, एवढंच उन्नतीला हवं होतं. गाडी कुठली का असेना.

ती आबांशी याबद्दल बोलली नव्हती असं नाही. डोळे, कान, पोट सगळं सांगून झालं होतं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "आमच्या घराण्यात घोड्यावरून कुणी पडलं नाही आणि गाडी कुणाला लागली नाही. सूनबाई माहेरून घेऊन आल्या असतील." उन्नतीला हा नमुना फार लहान वाटला.

आवारात शिरल्या शिरल्या आबांनी पहिली अट घातली. पूजा न केलेल्या वाहनात ते बसत नसत. नुसतं बसून बघायचं असलं तरी नाही. तुकोजीरावांना वाटलं, म्हातारा माणूस, एक उदबत्ती लावेल. त्यांनी हो म्हटलं. मग आबांनी पिशवीतून एकेक काढायला सुरुवात केली आणि सोळा लिंबं कशाला आणली होती हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

पहिली पांढरी, लांब नाकाची. आबांनी बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ वाढवला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. मग देव घेऊन पुढे बसले. कुमुदिनी मागे, उन्नती आणि तिचा धाकटा भाऊ समरजीत यांच्या मध्ये. दिग्विजयसिंहांनी गाडी काढली, लिंबं फुटली, आणि आवाराशेजारच्या फूलबागेचं कुंपण संपायच्या आत कुमुदिनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात सगळं घर ओळखत होतं. गाडी थांबली. ती खाली उतरून कुंपणाला धरून उभी राहिली आणि परत आवारापर्यंत चालत आली. गाडी चांगली आहे, असंही म्हणाली.

दुसरी निळी, दोनच दारं असलेली. तीही रीतसर पुजली. मागे जायचं तर पुढची सीट वाकवावी लागे, म्हणजे आबांनी आत बसायच्या आधी सुनेने आत जायचं, किंवा आबांनी देवासकट उठून उभं राहायचं. यातलं आधी काय आणि नंतर काय, यावर बराच खल झाला. शेवटी तिघं मागे अडकून पडली आणि आबा बाहेरच उभे राहिले. कुमुदिनीला त्या गाडीत काहीच झालं नाही, कारण गाडी जागची हललीच नाही.

तिसरी जीप, उघडी. उन्नतीला हिच्याबद्दल आशा होती. वारा लागेल, आकाश दिसेल. पण जीपमध्ये मागची बाकं दोन्ही कडांना समोरासमोर होती आणि बसणाऱ्यांचे खांदे देवाकडे येत होते.

"ही पाठ नाही," समरजीत म्हणाला. "आबा, टेक्निकली तो साइड है."

"कूस," आबा म्हणाले. "देवाला कूस दाखवून लोळतात, बसत नाहीत."

तेवढ्यात वाऱ्याने त्यांचा फेटा सुटला, एक टोक मागच्या चाकापर्यंत गेलं, आणि जीपचा विषय तिथेच संपला.

याच सुमारास फाटकातून शहराच्या मुरार भागातली एक मंडळी आली. दोन काका, एक मामा आणि ज्याचं लग्न ठरलं होतं तो मुलगा. त्यांना गाडी विकत हवी होती. त्यांनी आवारात नजर फिरवली. पांढरीवर स्वस्तिक आणि हार. निळीवर स्वस्तिक आणि हार. जीपवरही. चौथ्या गाडीपाशी आबा नुकतेच कुंकवाचं बोट पुसत उभे होते. मामा म्हणाले, "चलो भाई, ये तो सब बिक गईं," आणि तुकोजीराव चपला शोधेपर्यंत मंडळी रिक्षात बसून निघूनही गेली.

तुकोजीराव परत आले ते कमरेवर हात ठेवूनच. आबांच्या वयाचा मान राखून ते दिग्विजयसिंहांशीच बोलले. चार गाड्या, चारही कुंकवात. तेलातलं कुंकू रंगात मुरतं, ते त्यांच्या बापाच्यानेही निघणार नाही. ग्वाल्हेरात स्वस्तिक काढलेली गाडी म्हणजे विकलेली गाडी, हे शेंबडं पोरही सांगेल. आता कदमांनी एक घेऊन जावी आणि बाकीच्या तीन स्वतःच्या हाताने धुवाव्यात, किंवा चारही धुवाव्यात.

दिग्विजयसिंहांनी घरच्यांकडे बघितलं. समरजीत मोबाइलमध्ये कुंकू काढायचे उपाय शोधू लागला.

चौथी होती काळी अँबेसिडर, तीही जुन्यातली जुनी. उन्नतीने दार उघडलं आणि पर्समधून मोजपट्टी काढली. पुढे दोन वेगळ्या सीटा नव्हत्याच. या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब गादी होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला लावलेला, त्यामुळे मध्ये पायांतही काही येत नव्हतं. एकशे सत्तावीस सेंटिमीटर. वडिलांचे पन्नास धरले तरी सत्त्याहत्तर उरत होते. तिने मनातल्या मनात आबा आणि आई यांना शेजारी बसवून पाहिलं. मावत होते. पण सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून सून बसली आहे, हे चित्र या घरात सेंटिमीटरने सुटणारं नव्हतं.

तिने पट्टी गुंडाळली आणि मागे सरकली. आबा पुढे झाले. ती लांब गादी पाहून त्यांचा चेहराच उजळला.

"दिग्विजय, हे बघ," ते म्हणाले. "देवाला स्वतःची जागा आहे. तीस वर्षं माझ्या मांडीवर बसून बसून तो कंटाळला असेल."

आणि त्यांनी पेटी गादीच्या बरोब्बर मध्यावर ठेवली, काच रस्त्याकडे करून. खाली उपरणं पसरलं, त्याच्याच टोकाने पेटी बांधली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, "सुप्रतिष्ठितमस्तु" म्हणून हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. तुकोजीरावांनीसुद्धा सवयीने जोडले. चार लिंबं ठेवून झाली, शेवटचा नारळ फुटला.

मग आबा डाव्या दाराशी गेले, एक पाय आत टाकला आणि थांबले.

पाय तसाच. एक हात दारावर. उन्नतीला वाटलं, कंबर धरली. पण आबा पेटीकडे बघत होते, मग गादीकडे, मग पुन्हा पेटीकडे.

"काय झालं, आबा?" दिग्विजयसिंहांनी विचारलं.

"एक गादी आहे," आबा म्हणाले.

"हो, म्हणून तर चांगली आहे."

"अरे, देव आणि मी एका गादीवर?"

आबांचे आजोबा दरबारात मानकरी होते. कोण कुठे बसतं, कोण किती अंतरावर, कुणाच्या पुढे पानाचं तबक आधी येतं, हे सगळं आबांना पाढ्यांसारखं पाठ होतं. गादीवर गादीचा धनी बसतो. दुसऱ्याने तिच्यावर टेकणं म्हणजे बंडच. समरजीतने सुचवलं की देव उचलून पुन्हा मांडीवर घ्या. आबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागे गेला. प्रतिष्ठा झाली होती. आता उत्तरपूजेशिवाय देव हलणार नव्हता आणि उत्तरपूजा दसऱ्यानंतर.

"मग पप्पा कसे बसणार?" समरजीतने लांबूनच विचारलं. "वो भी तो उसी गादी पर हैं."

"तो सारथी आहे. सारथ्याला मान नसतो," आबा म्हणाले. दिग्विजयसिंहांनी हे शांतपणे स्वीकारलं. त्यांना गाडी मिळत होती.

कुमुदिनी बाजूला उभी होती. तिच्या हातात पूजेचं ताट होतं. तिने नेहमीचं वाक्य सुरू केलं, की तुम्ही व्हा पुढे, मी टेंपोने. उन्नतीने तिला ते पुरं करू दिलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "देवाला रोज आंघोळ कोण घालतं?"

"सूनबाई."

"कपडा, गंध, फूल?"

"सूनबाईच. माझ्या हाताला कंप आहे."

"दरबारात गादीच्या अगदी जवळ कोण असायचं? मानकऱ्यांच्याही पुढे?"

आबांनी पाय खाली घेतला. अशा प्रश्नांची उत्तरं त्यांना न देता राहवत नसे. "चवरीवाला," ते म्हणाले. "त्याला बैठकीचा नियम लागू नाही. तो सेवेत असतो." नात कुठे घेऊन चालली आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण नियम त्यांचाच होता आणि तो त्यांना खोटा म्हणता येईना.

"आणि पहिला मानकरी?"

"गादीच्या उजव्या हाताला," आबा हळूच म्हणाले. "पहिली जागा. समोर."

समोर बसायचं तर बॉनेटवर बसावं लागलं असतं. तेव्हा मागच्या सीटचं उजवं टोक म्हणजेच पहिली जागा, असं ठरलं. तुकोजीरावांनी घाईघाईने संमती दिली. त्यांना यातलं काहीही चाललं असतं. फक्त चवरीशिवाय चवरीवाला कसा, असं आबांना वाटलं, म्हणून तुकोजीरावांनी ऑफिसातून गाड्या झाडायचा पिसांचा झाडू आणून दिला. कुमुदिनीने तो कपाळाला लावून घेतला, पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या देखत पुढच्या सीटवर बसली.

देव हलणार नव्हता, त्यामुळे कुठली गाडी घ्यायची हा प्रश्नच उरला नव्हता. समरजीतला बाकीच्या तीन धुवायला परत यायचं होतं. पण आधी एक फेरी सगळ्यांनी मिळून, असं दिग्विजयसिंह म्हणाले.

अँबेसिडर फूलबागेकडून निघाली आणि नई सडकेने महाराज बाड्याच्या चौकाकडे वळली. लोक खरोखरच वळून बघत होते, काही जण पेटी दिसल्यावर हातही जोडत होते. कुमुदिनी अधूनमधून देवावर झाडू ढाळत होती आणि एकसारखी बोलत होती. या दुकानाची पाटी कधी बदलली. हे वळण इतकं छान आहे हे तिला माहीतच नव्हतं, ती इथे नेहमी डोळे मिटून घ्यायची. बाड्याला वळसा घालताना तिने दिग्विजयसिंहांना आणखी एक वळसा घालायला लावला. त्यांनी घातला.

मागे पहिल्या मानकऱ्याच्या जागेवर आबासाहेब ताठ बसले होते. त्यांच्यासमोर मुलाची मान होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी फारसं काही दिसत नव्हतं. सकाळी खाल्लेल्या तळकट बेडई-पुरीबद्दल ते आधी एकदा बोलले, मग बोलायचे थांबले. दुसऱ्या वळशाला त्यांनी काच खाली करायला सांगितली. काच अर्ध्यातच अडकली. परतीच्या वाटेवर त्यांनी दिग्विजयसिंहांच्या खांद्यावर हात ठेवला.

आवारात पोचल्यावर उन्नतीने मीटर पाहिला.

अंतर चार किलोमीटर सहाशे मीटर. उलट्या: कुमुदिनी शून्य, आबासाहेब एक.