हात आवर

“हात आवर, सुहास.”

आवाज चोवीस वर्षांपूर्वीचा होता. जाड, कोरडा, गाणं म्हणता म्हणता मध्येच थांबून दटावणारा. त्याच्यामागे पेटीचा सूर अर्धवट लोंबकळत राहिलेला, आणि त्याच्याही मागे, अगदी बारीक, पितळी ताटावर बोटं वाजत असलेली. ती बोटं थांबली. श्वासभर काहीच नाही. मग ठेका असा धडाडून सुरू झाला की फळीवरची भांडी थरथरली.

सुहासने खाटेवरचा स्पीकर बंद केला आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. आवाज त्याच माणसाचा होता.

अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हातातली लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली.

“ह्ये मी कदी बोललो?”

“दोन हजार एकला. जयंतीच्या गाण्यांची तयारी इथंच चालली होती. टेप चालू होता आणि मी जेवायला बसलो होतो.”

“जेवायला कसला बसतोय,” हिरा आत्या उंबऱ्यातून म्हणाली. “ताट बडवीत व्हता. कालवण गार झालं तरी ह्याचं आपलं चालूच.” अण्णांना नावाने हाक मारणारी ती त्यांची थोरली बहीण. शेजारच्याच घरात राहायची, आणि सुहासची मोटारसायकल सुदुंबऱ्याच्या वस्तीत शिरली की हातातलं काम टाकून यायची. “रतन, तुजा आवाज कसला खणखणीत व्हता रं तवा. माज्या पप्पूच्या हळदीत ह्येच लावलं व्हतं, अन् तू जेवणावरनं उठून घरी आलास.”

अण्णांनी दुसरी पाकळी उचलली. म्हणजे स्वतःच्या आवाजाचं गाणं त्यांनी आधीच ऐकलं होतं. सुहासला आजवर वाटत होतं की ऐकलं नसेल.

बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या गाण्यांना बीट करून देत आला होता. लोणावळ्यात भांगरवाडीला एक भाड्याची खोली, तिच्या भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. शनिवार-रविवारी तुंगार्लीच्या बंगल्यांवर गाणी लावून पाहुण्यांना नाचवायचं आणि सोमवारी दार लावून कामाला बसायचं ते थेट शुक्रवारीच उठायचं. पिंपरी-चिंचवडची रॅप करणारी पोरं यायची, बीट घेऊन जायची. गाणं गाजायचं, पोस्टरवर पोरांची तोंडं झळकायची आणि सुहासचं नाव कुठेच नसायचं. असायचा तो फक्त टॅग. बीट बनवणाऱ्या प्रत्येकाचा असतो तसा, गाण्याच्या तोंडाशी दोन सेकंदांचा एक आवाज, ज्यावरून बीट कुणाची ते ओळखायचं. इतरांनी त्यासाठी लाडिक इंग्रजी आवाज विकत आणले. सुहासने ट्रंकेतली जुनी कॅसेट काढली. आता कॉलेजांच्या मैदानांवर हजार पोरं एका दमात म्हणायची, हात आवर सुहास, आणि हात वर करून नाचायची.

पण आजचं गाणं निराळं होतं. मुंबईची एक कंपनी ते काढणार होती आणि मुखपृष्ठावर पहिल्यांदाच त्याचं एकट्याचं नाव येणार होतं. कंपनीचा नियम एकच होता, ज्याचा आवाज त्याची सही. सही केलेल्या कागदाचा फोटो संध्याकाळी सहाच्या आत पोचायला हवा होता.

“नाही मिळाली सही तर काय, टॅग काढून टाकू,” कंपनीतली सृष्टी फोनवर म्हणाली होती. “बाकी गाणं तेच राहील ना.”

“आवाज काढून टाकायचा असेल तर गाणंही नको,” सुहास म्हणाला होता. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. बारा वर्षांनी दार उघडलं होतं आणि ते आपणच लोटून घेत होतो, हे त्याला कळत होतं. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मोटारसायकल काढली आणि कामशेत, वडगाव, तळेगाव मागे टाकत तो घरी आला.

अण्णांनी चष्मा मागितला. तेहतीस वर्षं तळेगावच्या कारखान्यात काढलेला माणूस. वाचल्याशिवाय त्याने कधी कशावर सही केली नव्हती. ते ठाऊक होतं म्हणूनच सुहासने सगळा कागद मराठीत करून आणला होता. ओळीखाली बोट धरून अण्णांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“आवाज माजा म्हणून माजी सही.”

“हो.”

“आन् वाजप कुणाचं?”

“माझं. ते कुठनं उचललेलं नाही, अण्णा. लहानपणापासनं माझ्या बोटांत आहे.”

अण्णांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि लसणाची वाटी पुन्हा पुढे ओढली.

“मी न्हाई सही करायचो.”

“का?”

“आपल्या घराला वाजपी म्हणत व्हतं गाव. त्ये पुसायला माज्या बापाला काय काय सोसाया लागलं.”

सुहासला ते माहीत होतं. वस्तीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. दीक्षा घेतल्यावर गावकीची कामं एकेक करत सुटली, पण हलगी लवकर सुटेना. गाव सोडू देईना. मग एका सकाळी केरबाने, सुहासच्या आजोबाने, ज्या जाळावर ती शेकून कडक करायची त्याच जाळात सगळ्यांदेखत ठेवून दिली. रतन तेव्हा आठ वर्षांचा होता.

“बोलावणं आलं की जाया लागायचं,” अण्णा म्हणाले. “हळद असू दे, मयत असू दे. भाकर तोंडाशी असली तरी ठिवून उठायचं. न्हाई म्हणायची सोय नव्हती.”

“मला ठाऊक आहे ते.”

“ठाऊक हाय, आन् शनवारी बंगल्यावर वाजवाया जातोस.”

आत्याने पदराने तोंड पुसलं. बाहेर कारखान्याची बस शिफ्टची माणसं उतरवून निघून गेली. म्हणजे साडेतीन वाजून गेले होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तुंगार्लीच्या बंगल्याचा मॅनेजर बजरंग. त्याचा आवाजच असा की फोन कानाला लावला तरी घरभर ऐकू जाई.

“सुहासभाई, कुठं आहात? उद्याचे पाहुणे आजच आलेत, आजच लावा म्हणतायत. या पाच वाजेपर्यंत.”

“आज नाही जमायचं.”

“अहो मोठी माणसं आहेत. मी शब्द दिलाय तुमचा.”

“माझा शब्द मला विचारून द्यायचा, बजरंगभाऊ. मी आज घरी आलोय.”

पलीकडचा सूर खाली आला.

“बरं बरं, चुकलं. उद्या तरी? तुम्ही म्हणाल त्या टायमाला ठेवू.”

“बघून कळवतो.”

त्याने फोन खिशात टाकला. अण्णांचे हात थांबले होते.

“ये म्हणत व्हता?”

“हो.”

“आन् तू न्हाई म्हणलास.”

“हो.”

“मग आता त्ये काय करतील?”

“आता काय? काही नाही.”

“काही न्हाई,” अण्णा स्वतःशीच म्हणाले. मग आत्याकडे बघून पुन्हा एकदा, “काही न्हाई म्हणतोय.”

“ऐकलं की मी,” आत्या म्हणाली.

अण्णांनी हात पंच्याला पुसले. “लाव परत.”

सुहासने बटण दाबलं. दटावणारा आवाज येऊन गेला, ठेका सुरू झाला, आणि या वेळी त्याने तो थांबवला नाही. अण्णा डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने त्यांचं एक बोट वाटीच्या काठावर पडलं. मग दुसरं. सुहास टक लावून बघत राहिला. या ठेक्यात तिसऱ्या घावानंतर एक जागा रिकामी सुटते; नवख्या माणसाचा हात तिथे हमखास चुकतो. अण्णांचं बोट तिथे आधीच थांबलं होतं. आणि ठेका पुन्हा येण्याच्या केसभर आधी उचललं गेलं.

गाणं संपलं. आत्या खाली बघत होती.

अण्णांनी कागदाची घडी उलगडली. “हितं ‘रचना’ म्हणून लिवलंय. म्होरं तुजं नाव.”

“हो.”

“त्ये तुजं न्हाई.”

सुहास पुढे सरकला. “अण्णा, मी कुणाचं चोरलेलं नाही.”

“चोरलं कुटं म्हणतोय मी? केरबाचं हाय त्ये.”

“आजोबांचं? ते गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आणि हलगी तर तुमच्या लहानपणीच जाळली त्यांनी.”

“सांग आता, रतन,” आत्या हळूच म्हणाली. “किती दिस गिळून बसणार?”

अण्णांनी पेन घेतलं. सहीच्या जागी सही केली, कारखान्याच्या रजिस्टरात करायचे तशी, अक्षर न् अक्षर लावून. मग ‘रचना’च्या पुढे सुहासच्या नावाआधी जेमतेम जागा होती, तिथे बारीक अक्षरात ‘केरबा’ लिहिलं. मान त्यांनी वर केली नाही.

“हलगी त्यानं परत हातात घेतली न्हाई. मरस्तवर न्हाई. पर तू तान्हा व्हतास तवा तुला मांडीव पालथा घ्यायचा आन् तुज्या पाठीवर वाजवायचा. दोन बोटांनी. तू झोपलास तरी वाजवीतच ऱ्हायचा. मी दारात बसून ऐकायचो.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद सुहासपुढे सरकवला.

“त्याला एकदाबी म्हणलो न्हाई, हात आवर म्हणून.”