सत्तावीस नंबर सापडत नाही

गावात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी मिळायची, तलावाच्या पाळीवर. त्यामुळे दामिनीची तोंडी परीक्षाही तिथेच व्हायची होती, दुपारी तीनला, व्हिडिओ कॉलवर. मागच्या खेपेला ती याच विषयात नापास झाली होती. या वेळीही तेच झालं तर डिप्लोमाचं वर्ष जाणार आणि नागपूरच्या कंपनीने कबूल केलेली नोकरीही. दोन वाजून गेले होते, आणि तिचा प्रोग्राम तिच्या सख्ख्या आईला ओळख द्यायला तयार नव्हता.

काम तसं सोपं दिसत होतं. प्रोग्रामिंगमध्ये तयार मिळणारी डिक्शनरी वापरायची नाही, स्वतः बांधायची; एक नंबर दिला की त्याच्या जोडीचा नंबर झटकन सापडला पाहिजे. दामिनीने मासेमारी संस्थेचे बिल्ले घेतले. बिल्ल्याचा नंबर द्या, त्या माणसाने किती किलो मासे धरले ते घ्या. मेमरीत तिने शून्यापासून सातपर्यंत आठ खण मांडले. नंबराला आठाने भागायचं, बाकी उरेल तो त्याचा खण, म्हणजे सगळे खण उचकत बसायला नको. तिच्या भावाचा, मिथुनचा बिल्ला एकोणीस. बाकी तीन, म्हणून तो तिसऱ्या खणात. आईचा, गोकुळाचा सत्तावीस. बाकी पुन्हा तीनच. खण भरलेला, म्हणून आई सरकली चौथ्यात.

इथवर सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मिथुन दोन वर्षांपासून गडचांदूरला सिमेंटच्या कामावर होता, म्हणून दामिनीने तपासणीसाठी त्याचाच नंबर खोडला. आणि मग सत्तावीस विचारला की प्रोग्राम छातीठोकपणे सांगू लागला, असा नंबरच नाही.

तेवढ्यात गोकुळा आपला डोंगा, मासेमारीची छोटी होडी, बांधून पाळीवर चढली. लेकीचं उतरलेलं तोंड पाहून तिने काय झालं ते काढून घेतलं. अर्धं आयुष्य या पाण्यात घातलेल्या बाईला यंत्र नाही म्हणतंय, याचं तिला हसूच आलं.

"मले पाहाले कुठी गेली होती तुही मशीन?"

"तिसऱ्या खणात. तो रिकामा दिसला, म्हणून वापस फिरली."

"अन् गवत नाई बांधलं काय तिथी?"

गवत म्हणताच दामिनीला डोंगे बांधायचे खुंटे आठवले. तलावावर डोंगे जास्त आणि खुंटे कमी. मायलेकांना मिळून एकच होता. मिथुन आधी आला की गोकुळा पुढच्या खुंट्याला बांधायची. तिला शोधत येणारा माणूस मिथुनचा डोंगा पाहून पुढे बघायचा. पण मिथुन निघून गेला, की मोकळा खुंटा पाहून लोकांना वाटायचं, बाई अजून पाण्यातच आहे, आणि ते माघारी फिरायचे. म्हणून जाणाऱ्याने खुंट्याला गवताची गाठ मारून जायची, अशी इथली रीत. इथे कोणी होतं, पुढे बघा. जन्मापासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, आणि आपण दोन दिवस पुस्तकं चाळतोय, म्हणून दामिनीने कपाळाला हात लावला.

मग तिने झपाझप दुरुस्ती केली. खोडलेला खण कोरा ठेवायचा नाही, त्यात खूण ठेवायची. खूण दिसली की शोध पुढे न्यायचा. कधीच न भरलेला खण लागला तरच थांबायचं. तीनला पाच मिनिटं असताना सत्तावीस नंबर सापडला, साडेचार किलोसकट.

परीक्षेच्या मॅडमनी नंबर घालायला लावले, खोडायला लावले, शोधायला लावले. सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला.

"आता समजा, एकोणीस नंबर परत आला. त्याला कुठे जागा द्याल?"

दामिनीच्या प्रोग्रामने त्याला खूण ओलांडून पाचव्या खणात ढकललं असतं. असं होत राहिलं तर सगळे खण नुसत्या खुणांनीच भरले असते. उत्तर आलं ते कॅमेऱ्याच्या बाहेरून, गोकुळाकडून.

"त्याच्याच जागी ना, मॅडम. गवत सोडाचं अन् डोंगा बांधाचा. वाळलं का मी नवं बांधतो. दोन वर्सं झाले."

दामिनीने खाली पाहिलं. खुंट्यावर आज सकाळचंच हिरवं गवत होतं. वर्षभर वापरला नाही तर खुंटा कोणीही घ्यावा, असा नियम होता. आई मात्र हा जवळचा खुंटा न वापरता भरल्या टोपलीनिशी रोज चिखल तुडवत पुढच्या खुंट्यापासून येत होती, आणि ते आपल्याला कधी दिसलंच नाही, याची दामिनीला लाज वाटली.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. लिहा तसं." दामिनीने लिहिलं: तो नंबर पुढे कुठे नाही याची खात्री करा, मग पहिल्या खुणेच्या जागी ठेवा. एकोणीस मुकाट्याने तिसऱ्या खणात जाऊन बसला. मॅडमनी पास केलं.

गोकुळाने लगेच मिथुनला कळवायला सांगितलं. त्याने फोन उचलला, मागे यंत्रांची घरघर होती. निकाल काय लागला, ते त्याने दोनदा ओरडून विचारलं.

"दादा," दामिनी म्हणाली, "तुह्या खुंट्याले आईनं अजून कोनाचा डोंगा बांधू देल्ला नाई."