बुधवारचं पाणी

छायाच्या ओसरीवर चार टोपल्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीत झेंडूची वीस-वीस फुलं. दोन टोपल्यांत फुलं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोन टोपल्यांत केळीच्या पानात. फुलं कशात जास्त दिवस टिकतात, हा चौथीतल्या गोदाचा आणि ओमचा प्रयोग. शनिवारी नाशकात विज्ञान प्रदर्शन होतं. गेल्या वर्षी शाळेनं दुकानातला तयार ज्वालामुखी नेला होता. "बाळा, हा कसा केलास?" असं परीक्षकांनी विचारल्यावर पोरानं "मामांनी पिशवीतून काढला" असं खरंखुरं सांगून टाकलं होतं. म्हणून यंदा मंजुषा मॅडमनी बजावलं होतं, मुलांचा स्वतःचा प्रयोग असेल तरच शाळा जाईल, नाहीतर घरी बसेल.

छायाचा मळा शाळेला लागून. मॅडमनी मदत मागितली तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी सातवीत शाळा सोडली."

"फुलं तर नाही ना सोडलीत?"

छायानं ओसरी रिकामी करून दिली. अट एकच होती. रोज शाळेआधी गोदानं फुलं उघडून बघायची आणि वहीत लिहायचं. बाकी कुणी काही करायचं नाही.

बुधवारी सकाळी छाया अंगण झाडून ओसरीवर आली. बादली पायाशीच होती. हात बादलीत गेला, ओंजळ भरली आणि टोपल्यांवरून फिरली. वीस वर्षं तो हात हेच करत होता. फुलं दिसली की पाणी मारायचं, मग ती बाजारात न्यायची. भिजल्या कागदावरून टपटप आवाज यायला लागला, तेव्हा कुठे हाताच्या मागची छाया जागी झाली.

"अगं बाई!"

तिनं कागद उघडला आणि एकेक फूल पदरानं टिपायला लागली. जात्याशेजारी बसलेल्या कलाबाई, तिच्या सासूबाई, तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"झेंडूचं नाक पुसतीयास व्हय गं?"

"आत्या, पोरांचा प्रयोग बुडाला! आता परत मांडायला दिवस कुठं आहेत?"

"पाणीच मारलंस, इख नाय टाकलं. गप ऱ्हा. पोरान्ला काय कळतंय?"

पोरांना कळायला पाच मिनिटं लागली. गोदानं वही काखेत धरली, कागद चाचपला आणि भुवया वर केल्या. "काकू, हा ओला कसा?"

"दव पडलं असेल," छाया म्हणाली. थंडीचे दिवस होते, खोटं अगदी तयार होऊन तोंडात आलं.

गोदानं वही खाली ठेवली. अंगणात गेली, तुळशीच्या पानावर बोट फिरवलं. कोरडं. दोरीवरचा टॉवेल चाचपला. कोरडा. परत येऊन टोपल्या मोजल्या, तर तीनच. चौथी दाराआड सापडली. काल संध्याकाळी शेळी हुंगायला लागली म्हणून ओमनं ती तिथं सरकवली होती. तिच्यातला कागद कडकडीत कोरडा.

"दव फक्त तीन टोपल्यांवर कसं पडलं असेल?" गोदानं विचारलं. तिला कुणाला पकडायचं नव्हतं, खरंच कोडं पडलं होतं. त्या कोड्यात पडलेल्या डोळ्यांपुढं छायाला उभं राहवेना.

"मीच पाणी मारलं गं. सवयीनं."

"गेलं!" ओम मटकन खाली बसला. "आता आपली शाळा जात नाही. काकू, तुम्ही तर मोठ्या आहात ना?"

मोठी बाई खाली मान घालून उभी राहिली. गोदा मात्र दोन कागदी टोपल्या शेजारी ठेवून टक लावून बघत होती.

"ओम्या, फुलं सारखी, कागद सारखा. एक ओली, एक कोरडी. आता यांचं काय होतं ते बघायचं?"

आणि ती लिहायला बसली. *बुधवारी सकाळी छायाकाकूंनी चुकून पाणी मारले.*

"नाव घालायलाच पाहिजे का?" छायानं हळूच विचारलं.

"जे घडलं ते लिहायचं असतं, काकू."

शनिवारी प्रदर्शनात पाणी मारलेल्या कागदी टोपलीतली फुलं देठाशी काळी पडली होती, वास मारत होती. दाराआडची थोडी सुकली होती, पण पिवळीधमक. शेजारच्या टेबलावर इंजेक्शनच्या सिरिंजांची क्रेन हलत होती, सगळी गर्दी तिकडंच. चष्मा लावलेले परीक्षक मात्र वही वाचता वाचता थांबले.

"या छायाकाकू कोण?"

मागं उभ्या असलेल्या छायानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"पाणी का मारता फुलांना?"

"सासूबाई मारायच्या म्हणून."

"त्या का मारायच्या?"

"ते... विचारायचं राहून गेलं."

परीक्षक हसले, वहीवर सही केली आणि गोदाला म्हणाले, "हे विचारून लिहा." बक्षीस क्रेनला मिळालं. ओमनं परतीच्या वाटेवर तोंड फुगवलं होतं. गोदाला तेवढा वेळ नव्हता. रिक्षातून उतरली ती थेट कलाबाईंपुढं जाऊन बसली.

"आजी, फुलांना पाणी का मारायचं?"

"मारायचं म्हंजे मारायचं."

"पण का?"

कलाबाईंनी जातं, अंगण, आभाळ असं सगळीकडं बघून घेतलं. "माझी सासू मारायची. तवा फुलं उघड्या पाट्यांत, बैलगाडीतनं जायची. बाजारापतुर ऊन लय लागायचं. पाणी न मारून चालतंय व्हय?"

छाया भाजी निवडता निवडता थांबली. बैलगाडी तिनं लग्न होऊन आल्यापासून या दारात पाहिली नव्हती. फुलं झाकलेल्या क्रेटमधून, उजाडायच्या आत टेंपोनं जात होती. आणि ती रोज त्या न लागणाऱ्या उन्हासाठी पाणी मारत होती.

"मग आता?" गोदानं वही उघडली.

दुसऱ्या दिवशी टेंपो यायच्या आधी छायानं दोन क्रेट भरले. एकावर पाणी मारलं, एक कोरडा ठेवला, त्याला लाल चिंधी बांधली. चहा ठेवायला म्हणून वळली, तर मागं बादलीत पाणी हललं.

कलाबाई ओंजळ भरून लाल चिंधीपाशी उभ्या होत्या.

"आत्या!"

कलाबाईंनी आपल्या हाताकडं पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग ते पाणी अलगद तुळशीला घातलं.