आक्कांचा अंगभूत मंदपणा

“अंगभूत मंदपणामुळे सेवा समाप्त करण्यात येत आहे,” असे कोशकार्यालयाचा आदेश म्हणतो. वाक्य शुद्ध आहे. आयुष्यभर मुद्रिते तपासणाऱ्या आक्कांनाही त्यात चूक सापडली नसती. प्रश्न इतकाच, की हा मंदपणा नेमका कोणाच्या अंगात होता?

या कार्यालयात टेबलावर फक्त पडदा आणि कळफलक असतो. प्रत्येकाचा संगणक आभासी. तळघरातल्या एका सर्व्हरच्या पोटात तो चालतो. पडद्यावरची दृश्ये झटपट रंगवणारे ग्राफिक्स कार्डही तिथे एकच, आणि त्याचे वाटे सर्वांना वाटून दिलेले. कार्यालय एकरूप दिसावे म्हणून संचालकांनी सर्वांच्या पडद्यांवर एकच सजावट सक्तीची केली होती. खिडकी उघडताना कापडासारखी हेलकावे खाई, मिटताना धुरासारखी विरे. कार्डाचा वाटा असला की हे कौतुक निमिषात उरके. नसला की बिचारा प्रोसेसर तोच धूर कण कण रेखाटत बसे, आणि बाकीचे काम तिष्ठत राही.

संचालकांनी स्वतःसाठी दुसरा, भलामोठा पडदा मागवला आणि त्यांच्या खिडक्या अडखळू लागल्या. सर्व्हर सांभाळणारा त्यांचा सख्खा भाचा. पुढचा संवाद त्यानेच, आदेशानंतर नेमलेल्या चौकशी समितीला हसत हसत ऐकवला.

“मामा, कार्डाचे वाटे संपलेत.”

“मग कुणाचा तरी काढ.”

“ज्याचा काढीन त्याचं मशीन गोगलगाय होईल. निदान त्याची सजावट तरी बंद करू?”

“अपवाद नको. एकाला सूट दिली की रांग लागते.”

“मग कुणाचा काढू?”

“आक्कांचा. त्या बोंब मारायच्या नाहीत.”

आक्कांनी खरोखरच बोंब मारली नाही. कळ दाबायची, थांबायचे, मग अक्षर उमटायचे. शेजारचा संपादक विचारी, “काय आक्का, डुलकी लागली का?”

“मला नाही रे बाबा, याला लागलीय,” म्हणून त्या पडद्याकडे बोट दाखवत. सगळे खो खो हसत. त्यांना कोशाचा शेवटचा खंड आपल्या हाताने पुरा करायचा होता. त्यासाठी त्यांनी आधी जेवणाची सुट्टी सोडली, मग वेळेवर घरी जाणे. चूक एकही सुटली नाही. पाने मात्र मागे पडत गेली.

अखेर त्या संचालकांकडे गेल्या. “साहेब, मशीन एकदा बघायला सांगा ना.”

“आक्का, मशीन तुमच्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे.”

त्यानंतर तो आदेश निघाला.

समितीने चाचणीपुरता वाटा परत द्यायला लावून आक्कांना जुन्या जागी बसवले. सगळ्या संपादकांना मागे टाकून त्यांनी पाने हातावेगळी केली. समितीने त्यांचे अभिनंदन केले आणि आदेश कायम ठेवला. शेवटचा खंड तोवर दुसऱ्याकडे सोपवला गेला होता. हे सारे ठाऊक होते काय, या प्रश्नाला संचालकांनी दिलेले उत्तर इतिवृत्तात शब्दशः आहे:

“ठाऊक होतं. भाचा सांगून गेला होता. पण वाटा परत दिला असता तर त्या दुसऱ्या दिवशीच झरझर काम करू लागल्या असत्या, आणि मग मला काय तोंड राहिलं असतं? त्यांना काढणं सोपं होतं. आणि खरं सांगू? खिडक्या आता काय सुरेख विरतात! या ना, दाखवतो.”